गाडी धरणारे सेतुमामा

आमच्याकडे फोटो काढत नाहीत, धरतात.

मी पुण्याला शिकायला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात वसतिगृहातल्या मुलांनी गच्चीवर सगळ्यांचा मिळून फोटो काढायचं ठरवलं. मी सहज विचारलं, "कोण धरणार?" तर एकाने पुढे येऊन माझंच मनगट धरलं आणि सगळे हसले. मीही हसलो. माझी मराठी घरची आहे, कुंभकोणमच्या शिंप्यांच्या घरातली. तमिळमध्ये चित्र 'पिडतात', म्हणजे धरतात. आम्ही कित्येक पिढ्या रस्त्यावर तमिळ आणि चुलीपाशी मराठी बोलत आलो, त्यात तिकडचं धरणं इकडे आलं असावं. हे त्या मुलांना नीट समजावून सांगायला हवं होतं. ते मला जमलं नाही. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर सेतुमामा उभे होते, पोटाशी काळी पेटी घट्ट दाबून धरलेले.

त्यांच्याविषयी लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. मला लिहिण्याची सवय नाही आणि माझ्या मराठीत काही जुनं, काही तिकडचं राहून गेलं असेल. तेवढं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सेतुमामा माझे सख्खे मामा नव्हेत. कुंभकोणमच्या मेलकावेरीत आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकानात दोन मशिनं होती, एक त्यांचं आणि एक माझ्या वडिलांचं. मी कॉलेजात जाणारा आमच्या घरातला पहिला. घरी अभ्यासाला जागा नव्हती म्हणून मी दुकानाच्या मागच्या बाकावर पुस्तक घेऊन बसत असे. मामा मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय रे कॉलेज, आज काय सांगितलें तुज?" असं विचारत, आणि मी भौतिकशास्त्रातलं काही सांगितलं की हातातली कात्री खाली ठेवून ऐकत. ग्राहकाचं ऐकताना ती कात्री कधी खाली ठेवली जात नसे.

अंगाने किरकोळ. गळ्यात मापाची फीत, ती देवळात जातानाही निघत नसे. आणि रविवारी फितीच्या जोडीला पट्ट्याने लोंबणारा बॉक्स कॅमेरा. रेल्वेतल्या एका गोऱ्या गार्डाची ड्रिलची पँट मामा शिवत असत. साहेब देश सोडून निघाला तेव्हा शेवटच्या पँटबरोबर त्याने ही पेटी मामांच्या हातात ठेवली, आणि एका दुपारात मोडक्या तमिळमध्ये सगळं शिकवून गेला. एक भोक, एक खटका, एका रोलात आठ चित्रं. मामा महिन्याला एक रोल वापरत. आठ चित्रांत महिना बसवायचा म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता थोडं कळतं. मामा चित्र धरायच्या आधी इतका वेळ पाहत राहत की कधीकधी पाहण्यातच सगळं संपून जाई आणि पेटी न उघडताच ते घरी येत. म्हणत, "आज नुसतें पाहून झालें."

काय धरत? विड्याच्या पानांच्या ओल्या टोपल्या पार्सलच्या डब्यात चढवणारे हमाल. दांडा फिरवून फिरवून बस सुरू करणारा आणि शेवटी बसलाच शिव्या देणारा कंडक्टर. बाजल्याचे चार पाय चार जणांनी धरून रस्ता ओलांडणारं कुटुंब. नळाखाली पाणी पिणारं इंजिन. आणि गाड्या. दर रविवारी गाड्या.

त्यांची काम करण्याची रीत शिंप्याचीच होती. रोल अंधारात काढावा लागतो, आणि त्यांच्या घरात अंधारी खोली नव्हती. मग त्यांनी काळ्या सॅटीनचं दुहेरी अस्तर लावून एक पिशवी शिवली, तिला दोन बाह्या ठेवल्या आणि मनगटाला नाडी. ते तिला 'बिनगळ्याचा सदरा' म्हणत. त्या सदऱ्यात दोन्ही हात घालून, डोळे मिटून, ते फिल्म डबीत गुंडाळत. दिवसाढवळ्या, दुकानात बसून, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं मामा जप करतायत.

छापणं गच्चीवर. लाकडी चौकटीत काच, काचेखाली निगेटिव्ह, त्याखाली उन्हात उमटणारा कागद. मामींचे सांडगे आणि मामांच्या गाड्या एकाच उन्हात शेजारी शेजारी पडलेल्या असत. मामी म्हणत, "कावळे माझे सांडगे नेतात. तुमच्या गाड्या मेल्या एक कावळाही नेत नाही." मामा चौकटीची मागची झडप किंचित उचलून कागद किती काळवंडला ते पाहत असत, भाताचं शीत दाबून पाहावं तसे. कोऱ्या कागदावर आधी धूर उमटायचा, मग चाकं. मला कॉलेजात प्रकाशाचे नियम शिकवले होते. तरी गच्चीवर उकिडवा बसून मी तोंड उघडं टाकून बघत राहायचो.

आधी ते स्टेशनात जाऊन गाड्या धरत. एकदा नवीन तिकीट तपासनीस आला. त्याने मामांना हटकलं. हे सगळं तमिळमध्ये झालं, पण तमिळमध्येही धरणं म्हणजे धरणंच.

"इथे काय काम?"

"गाडी धरायला आलोंय."

"कुठली?"

"दहाची, मायावरमची."

"तिकीट दाखव."

"चढायचं नाही साहेब, नुसती धरायची."

"न चढता कशी धरणार?"

"दुरून. हात लावत नाही."

तपासनीसाने त्यांना वेड्यात काढलं होतं, तेवढ्यात पेटी दिसली. मग तो खरोखर रागावला. परवान्याशिवाय रेल्वेची चित्रं धरायची नसतात, बाहेर व्हा. मामा बाहेर झाले, आणि त्या दिवसापासून स्टेशनच्या पूर्वेचं रेल्वेफाटक ही त्यांची जागा झाली. फाटकवाला माणिक्कम त्यांच्याकडूनच खाकी सदरे शिवून घेई. तो म्हणाला, "रावजी, रुळावर येऊ नका. रस्ता सरकारचा आहे, झाड देवाचं आहे, झाडाखाली उभे राहा." फाटकाच्या दक्षिणेला चिंच होती. चिंचेखाली रुळांकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे जाणारी गाडी मायावरमला आणि पुढे मद्रासला, डावीकडे जाणारी तंजावरला. स्टेशनातून सुटलेली गाडी तिथे नुकती पाय उचलत असे, म्हणून त्या साध्या पेटीतही ती मावत असे. तरी थोडी पुसली जायचीच. मामांना त्याचं काही वाटत नसे. "गेली, हें दिसलें पाहिजे की नको?" असं ते म्हणत.

एकदा गोविंदपुरमला भजनासाठी पुण्याकडचे एक बुवा आले होते. त्यांनी मामांच्या गळ्यातली पेटी पाहून कौतुकाने विचारलं, "वा, आपण फोटो काढता?" मामा गोंधळले. "काढून कोठें ठेवूं? गाडीतून कांही काढलें तर गाडींत कमी होईल ना." बुवांना वाटलं हा विनोद. मामा विनोद करत नव्हते.

माणसांना समोर उभं करून त्यांनी कधी चित्र धरलं नाही. लग्नाची बोलावणी आली की ते हात जोडत. त्यांच्या चित्रांत माणसं असत, पण बहुतेक पाठमोरी. "तोंडास कळतें कोणी पाहतंय म्हणून. पाठीस कळत नाही." आणि पाठ हा तर त्यांचा धंदाच होता. शहरातले निम्मे खांदे त्यांनी मापले होते. आठ वर्षांनी परगावाहून आलेला, दाढी वाढवलेला एक गृहस्थ दुकानासमोरून चालला होता. मामा मशिनावरून मान न उचलता म्हणाले, "या नागोजी. उजवी बाही अजून ओढते काय?" तो माणूस उन्हात थिजल्यासारखा उभा राहिला. माझे वडील म्हणत, सेतू कापड विसरेल, खांदा विसरणार नाही. मामा खांद्याबद्दल चुकले असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

दुकानाचं काज-बटणाचं काम रुक्माक्का करत. त्या विधवा, आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या. त्यांना एकच मुलगा, पांडू. पांडू माझ्याच वर्गात होता. मी पास होऊन कॉलेजात गेलो, तो शाळेच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. आडी महिन्यातल्या, म्हणजे ऐन पावसाळ्यातल्या, एका शनिवारी मायलेकांचं भांडण झालं. भांडणात माझं नाव आलं होतं, हे मला नंतर कळलं. रुक्माक्का रागाच्या भरात म्हणाल्या, "जा, कावेरींत पड."

रविवारी सकाळी पांडू घरात नव्हता. कावेरीला लाल पाणी आलं होतं, घाटाच्या चारच पायऱ्या उरल्या होत्या. वरच्या पायरीवर पांडूचा पंचा सापडला.

दोन दिवस माणसं काठाने हिंडली. खाली दूरवर निरोप गेले. काही मिळालं नाही. पांडू बुडाला, असंच सगळ्यांनी धरलं. तिसऱ्या दिवशी रुक्माक्का दुकानात आल्या. मी मागच्या बाकावर होतो.

"सेतू, रविवारी गाडी धरलीस?"

"धरली, अक्का."

"तुझ्या गाडींत माझा पांडू आहे काय, पाहा."

मामांनी पायडल थांबवलं. त्या रविवारी त्यांनी एकच चित्र धरलं होतं, आणि तेही वाया गेलेलं म्हणून छापलं नव्हतं. त्यांनी ते निगेटिव्ह शोधलं. कडेला गुंडाळलं गेलं होतं, अंगठ्याने सरळ करत त्यांनी ते खिडकीशी धरून भिंगातून पाहिलं. "दारांत एक पाठ आहे," ते म्हणाले. रुक्माक्कांनी त्यांचा हात धरला. धरलेल्या हातानेच मामा गच्चीवर गेले. चौकट त्यांनी मोकळ्या राहिलेल्या एका हाताने भरली. मी ते पाहिलं, कारण एका हाताने चौकट भरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

कागदावर डबा उमटला. डब्याच्या दारात पायरीवर उभा असलेला एक तरुण मुलगा, पाठमोरा. गाडीबरोबर तोही थोडा पुसलेला. एक खांदा दुसऱ्याहून खाली.

मामांनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "उजवा."

"म्हणजे?"

"ह्याचा उजवा खांदा खालीं आहे. पांडूचा डावा. पाळण्यांतून उतरला तेव्हांपासून मी त्याचें माप घेतोंय." आणि कागद खाली ठेवून, "हा तो नव्हे, अक्का."

रुक्माक्का रडल्या नाहीत. जिना उतरून गेल्या.

मी एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे. त्या चित्रात इंजिन डावीकडे होतं. दहाची गाडी उजवीकडे जाते हे मला ठाऊक होतं. क्षणभर मला काहीतरी खटकलं. मग वाटलं, मामांनी त्या दिवशी दुसरी कुठली गाडी धरली असेल. विचारावं असं वाटलं आणि धीर झाला नाही. मामा चुकतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आतापर्यंत 'पांडू येईल' म्हणणाऱ्या रुक्माक्कांनी त्यानंतर ते म्हणणं सोडलं. पितृपक्ष जवळ आला. आमच्या लोकांत बावाजीअण्णांचा शब्द चाले. मोठे कर्मठ, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारे. ते घरी येऊन म्हणाले, "रुक्मा, गतीवांचून ठेवूं नकोस त्याला. महालयाच्या आंत दर्भाचा पुतळा करून विधि उरकूं." चार दिवस त्या काज शिवत राहिल्या. पाचव्या दिवशी हो म्हणाल्या. सात आठवडे झाले होते.

विधीच्या सकाळी माझे वडील तिकडे गेले होते. कॉलेजला सुट्टी होती. मी दुकानात होतो, आणि मामाही, कारण एका वकिलांचा कोट शेवटचा अंगावर घालून पाहायचा होता. मामांना तिकडे जायचं नव्हतं असं मला वाटतं. वकील भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर उभे होते.

"कोठें ओढतें?"

"इथे," म्हणून वकिलांनी खांद्यावर हात ठेवला. मामांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं. आरशातल्या हाताकडे पाहत त्यांनी एक टाचणी लावली.

"अहो रावजी, हा नव्हे, तो! आरशात बघून कोट शिवता काय?"

मामा तसेच उभे राहिले. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि आपल्याच सदऱ्याला लावल्या. फळीवरून वही काढली. प्रत्येक चित्राची तिथी, वार, वेळ आणि गाडीची दिशा ते वहीत लिहून ठेवत. त्या रविवारपुढे लिहिलं होतं, 'दहा. मायावरमकडे.' त्यांनी डबा उघडून ते निगेटिव्ह घेतलं, डोळे मिटले आणि अंगठा व तर्जनीत धरून चोळलं. फिल्मची एक बाजू गुळगुळीत असते, एक मंद. मंद बाजू कागदाला लावायची असते. शिंपी जसा अंधारात हात फिरवून कापडाची उलट-सुलट सांगतो, तसं ते इतकी वर्षं बोटांनीच ओळखत आले होते.

"कॉलेज," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही, "मी शिंपी. मज उलट-सुलट कळूं नये?"

मग त्यांनी जे केलं ते मी आजही कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांनी भिंतीवरचा आरसा खिळ्यावरून उतरवला, काखेत मारला, दुसऱ्या हातात वही आणि चित्रांचा डबा घेतला आणि रस्त्याला लागले. मामांना पळता येत नव्हतं, ते पळत होते. आरशात आमच्या रस्त्याची घरं, पाण्याला निघालेल्या बायका, आकाश, सगळं हिंदकळत चाललं होतं. मागून मी, आणि माझ्यामागून वकील, अर्धा टाचलेला कोट अंगात, एक बाही लोंबत, "रावजी, माझी टाचणी!" असं ओरडत.

रुक्माक्कांच्या ओसरीवर दर्भाचा पुतळा तयार होता. वाध्यार, म्हणजे भटजी, संकल्प सांगायच्या बेतात होते. मामा उंबऱ्यातच म्हणाले, "थांबा. मी चुकलों."

सगळे वळले. मामांनी आरसा भिंतीला टेकवला आणि तो वाया गेलेला फोटो त्याच्यासमोर धरला. "फोटोंत पाहूं नका. आरशांत पाहा. मी निगेटिव्ह उलटें ठेवलें होतें."

आरशात गाडी उजवीकडे चालली होती. दारातल्या मुलाचा डावा खांदा खाली होता.

रुक्माक्का पुढे आल्या, पण बावाजीअण्णा मध्ये उभे राहिले. "सेतू, हा काय खेळ आहे? आरशांतलें खरें मानायचें?"

"अण्णा, रोज दाढी करतां तेव्हां कोणतें खरें मानतां?"

कोणीतरी हसलं. अण्णांचा चेहरा लाल झाला. "आणि पाठीवरून माणूस ओळखणार? आम्ही काय मेंढरें आहोंत, पाठीवर डाग देऊन सोडलेलीं? आईच्या जिवाशी खेळूं नकोस. सात आठवड्यांपूर्वी हा नव्हे म्हणालास, आज हा तोच म्हणतोस. उद्यां काय म्हणशील?"

हा प्रश्न वाजवी होता. मामांनी डबा उघडला आणि फोटो एकेक करून जमिनीवर मांडायला सुरुवात केली. सगळे पाठमोरे. "हा तुमचा धाकटा, अण्णा, रथाची दोरी ओढतांना. हा वाध्यारांचा मेहुणा, परिसलीच्या गोल होडींतून उतरतोंय." वाध्यार वाकले आणि म्हणाले, "तोच!" माझे वडील एका फोटोसमोर बसून राहिले. सायकलला टेकलेला एक वाकलेला माणूस होता. "माझी पाठ ऐशी आहे?" त्यांनी हळूच विचारलं. स्वतःची पाठ तिथे कोणीच पूर्वी पाहिली नव्हती. पुतळा, दर्भ, तांदूळ बाजूला राहिले. माणसं गुडघ्यांवर बसून स्वतःला शोधू लागली.

"आणि ही?" मामांनी शेवटचा फोटो अण्णांच्या पायाशी ठेवला. बसस्टँडजवळचं बोंड्यांचं दुकान. कढईशी एक रुंद पाठ, हात द्रोणात.

ओळखायला कोणाला मापाची फीत लागली नाही.

"तिथि वहींत लिहिलेली आहे," मामा शांतपणे म्हणाले. "वाचूं?"

"राहूं दे," बावाजीअण्णा म्हणाले. त्यांनी तो फोटो उचलून कंबरेला खोचला. "ओळख पटली."

हसू आवरेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही की रुक्माक्का आरशासमोर बसल्या आहेत. फोटो त्यांच्या हातात होता. त्यांनी आरशातच बघत विचारलं, "किती वाजतांची गाडी म्हणालास?"

"दहाची, अक्का."

"मग तो उपाशीच गेला."

मामांनी त्यांच्यापुढे अष्टांग नमस्कार घातला. गळ्यातली फीत जमिनीवर पसरली. "सात आठवडे मी तुझें पोर मारून ठेवलें."

"मी त्याला नदींत पड म्हणालें होतें," रुक्माक्का म्हणाल्या. "ऊठ. त्याचें माप आहे ना तुझ्यापाशी?"

"आहे."

"मग मद्रासला चल. वाध्यार, तुम्ही जेवून जा."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. दिवाळी तोंडावर होती, दुकानात बेतून ठेवलेल्या कापडांचे ढीग होते. दिवाळीच्या हंगामात दुकान सोडून जाणारा शिंपी आमच्या लोकांनी पाहिला नव्हता. त्यांचं मशीन माझ्या वडिलांनी चालवलं, मामींनी बटणं लावली, आणि ग्राहक आले की मामी सांगत, "ते पाठ शोधायला गेलेत. तुमची असेल तर इथेच ठेवून जा." लोक हसत. मद्रास केवढी, आणि हातात एक पुसट फोटो, त्यातही तोंड नाही. मलाही आशा नव्हती. पण मामा कसे शोधत असतील याचा मी बाकावर बसून विचार करायचो. ते कोणाला विचारत नसणार. पहाटेपासून कुठल्या तरी बाजाराच्या तोंडाशी उभे राहून नुसते पाहत असणार.

आठ दिवसांनी मामांचं कार्ड आलं. दोनच ओळी होत्या. 'अजून नाही. येथें पाठी फार आहेत.' मामींनी मला ते तीनदा वाचायला लावलं. त्यानंतर दोन आठवडे काहीच आलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी तिरुविसनल्लूरला शिकवणीच्या दोन मुलांना शिकवून सायकलवरून परत येत होतो. फाटक लागलेलं होतं. माणिक्कमने मला पाहून हिरवं निशाण हातात तसंच ठेवून विचारलं, "तंबी, रावजींची काही खबर?" मी मान हलवली. तीन रविवार चिंचेखाली कोणी नाही, म्हणून त्यालाही चुकल्यासारखं वाटत होतं. मद्रासची गाडी आली. स्टेशन जवळ म्हणून ती तिथे वेग टाकते, डबे एकेक करून डोळ्यांसमोरून जातात. मी सवयीने बघत होतो, नावं नसलेले चेहरे, खिडकीत वाळत टाकलेली लुगडी, मुलांचे हात.

तिसऱ्या वर्गाच्या एका डब्यात, खिडकीपाशी, रुक्माक्का बसल्या होत्या. मामांची काळी पेटी त्यांच्या मांडीवर होती, दोन्ही हातांत धरलेली. त्या बाहेर पाहत नव्हत्या. त्यांच्या समोरच्या बाकावर सेतुमामा झोपले होते, तोंड उघडं, गालावर आठवड्याची दाढी, गळ्यात फीत. गाडी फाटकावरून खडखडत गेली, चिंच गेली, माणिक्कम "रावजी! रावजी!" म्हणून ओरडला, तरी ते जागे झाले नाहीत. त्यांचं डोकं शेजारच्या मुलाच्या उतरत्या डाव्या खांद्यावरून खाली घसरत होतं. तो मुलगा वाळला होता, त्याला मिशी फुटली होती, आणि मामांना जाग येऊ नये म्हणून तो एका तळव्याने त्यांचं डोकं हळूहळू वर सरकवत होता.